वेल्डिंगचे यंत्र घेण्यापूर्वी

बोईसरच्या पूर्वेला, सूर्या कालव्याच्या बाजूला एक गाव आहे. तिथे आमचा रात्रीचा वर्ग भरे. वर्गाला एक शेतकरीकाका येत. वय पन्नाशीच्या पुढे. हात राकट, पण पेन्सिल मात्र जपून धरीत.

पहिल्या दिवशी आम्ही सर्वांना विचारले, "तुम्हाला काय वाचायला शिकायचे आहे?" कोणी म्हणाले, सही. कोणी म्हणाले, बसवरची पाटी. काका म्हणाले, "गुरुजी, मला मशीनवरची पाटी वाचायची आहे."

आम्हाला नवल वाटले. मग काकांनी आपली गोष्ट सांगितली.

आवणीचे दिवस होते. पाऊस चांगला लागला होता. शेतात पाणी साचले होते. चिखलणी चालू होती. तेवढ्यात पॉवर टिलरच्या लोखंडी चाकाचा एक आरा तुटला. काका चाक खांद्यावर घेऊन रिक्षाने बोईसरला गेले. वेल्डर कारखान्याच्या कामात होता. तो म्हणाला, "काका, दोन दिवसांनी या."

दोन दिवसांचे चार दिवस झाले. मध्येच पावसाने दडी मारली. खाचरातले पाणी ओसरले. रोप जून होत चालले. चार बोटांची जोड, पण तिच्यासाठी सारी आवणी अडली.

काकांनी मनाशी ठरवले, आता आपलेच मशीन पाहिजे. ते एका भंगारवाल्याकडे गेले. त्याच्याकडे वेल्डिंगचे एक जुने, जाडजूड यंत्र होते. किंमत कमी वाटली. काकांनी ते घेतले. टेंपोने घरी आणले. उतरवायला चार माणसे लागली. वायर जोडली, पण यंत्र चालेना. वायरमनला बोलावले. त्याने यंत्रावरची पत्र्याची छोटी पाटी वाचली आणि म्हणाला, "काका, हे ४१५ व्होल्टचे आहे. तुमच्या घरात २३० व्होल्टची वीज आहे. हे इथे चालायचे नाही."

भंगारवाला यंत्र परत घेईना. "मी कुठे म्हटलं घरी चालेल म्हणून? पाटी होती की त्याच्यावर!"

काका आम्हाला म्हणाले, "पाटी होती हो गुरुजी. पण मला वाचता येत नव्हती."

मंडळी, काकांचे पैसे अशिक्षितपणाने गेले. तुमचे जाऊ नयेत, म्हणून हा धडा.

वेल्डिंग म्हणजे काय?

लोहार लोखंड कसे जोडतो, ते आपण पाहिले आहे. तो दोन तुकडे भट्टीत लाल करतो. एकावर एक ठेवतो. घणाने ठोकतो. मग ते एकजीव होतात.

विजेच्या वेल्डिंगमध्ये भट्टी नसते, घणही नसतो. यंत्रातून दोन जाड वायरी निघतात. एकीच्या टोकाला चिमटा असतो. तो आपण मोडलेल्या लोखंडाला लावतो. दुसरीच्या टोकाला मूठ असते. तिला होल्डर म्हणतात. होल्डरमध्ये लोखंडी कांडी धरतात. तिला आपण रॉड म्हणतो.

रॉडचे टोक लोखंडाला टेकवून किंचित उचलले, की मधल्या फटीतून वीज उडी मारते. मोठा लखलखाट होतो. याला आर्क म्हणतात. लोखंड वितळायला सुमारे १,५०० अंश उष्णता लागते. आर्कची उष्णता त्याच्या कितीतरी पट असते. त्यामुळे रॉडचे टोक वितळते आणि जोडायच्या तुकड्यांच्या कडाही वितळतात. सगळे एकत्र होऊन थिजते. तीच जोड.

रॉडवर राखाडी लेप असतो. तो शोभेसाठी नव्हे. लेप जळून धूर होतो आणि वितळलेल्या लोखंडाला हवा लागू देत नाही. उरलेला लेप जोडीवर खपलीसारखा बसतो. थंड झाल्यावर ती खपली हातोडीने उडवायची. तिला स्लॅग म्हणतात.

ही विद्या फार जुनी नाही. सुमारे १८८१ साली रशियातील बेनार्डोस याने विजेच्या आर्कने धातू जोडून दाखवला. पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनमधील ऑस्कर शेलबर्ग याने रॉडला लेप देण्याची युक्ती काढली. आज तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत जी टाकी, जो पाइप, जी शेड दिसते, ती बहुतेक याच विद्येने जोडलेली आहे. आपल्या गावातली कितीतरी मुले तिथे हे काम करतात.

घ्यावे की न घ्यावे?

यंत्र घ्यावे, असे आम्ही सर्वांना सांगत नाही. आधी हिशेब करा.

गेल्या वर्षभरात वेल्डिंगसाठी किती वेळा गेलात, ते आठवा. नांगराचा फाळ, टिलरचे चाक, ट्रॉलीचा पत्रा, वाडीचे फाटक, मोटरीचा स्टँड. एकेका वेळी मजुरी किती दिली? रिक्षाभाडे किती गेले? दिवस किती मोडला? सारे वहीत लिहा.

समजा, तुम्ही वर्षातून सहा वेळा गेलात. मजुरी आणि भाडे मिळून दर वेळी ५०० रुपये गेले. म्हणजे वर्षाचे ३,००० झाले. आता समजा, यंत्र आणि सोबतचे सामान १२,००० रुपयांना पडते. मग पैसे वसूल व्हायला चार वर्षे लागतील. रॉड आणि वीज यांचा खर्च धरला तर आणखी जास्त. वर्षातून दोनदाच काम निघत असेल, तर यंत्र घेऊ नका. वेल्डरकडेच जा.

हे आकडे उदाहरणाचे आहेत. तुम्ही तुमचे आकडे घाला.

पण नुसता पैशाचा हिशेब पुरत नाही. आवणीच्या दिवसांत एक दिवस मोडला तर काय जाते, ते शेतकऱ्यालाच कळते. म्हणून आमचे मत असे, की चार-पाच घरांनी मिळून एक यंत्र घ्यावे. बचत गट असेल तर गटाने घ्यावे. भागीचे यंत्र रोज वापरात राहते, पडून बिघडत नाही. मात्र कोणी किती पैसे घातले, यंत्र कोणाच्या घरी राहील, रॉड कोण आणील, बिघडले तर खर्च कोण देईल, हे सारे आधी वहीत लिहा. त्यावर सगळ्यांच्या सह्या घ्या. तोंडी ठरले की पुढे भांडण ठरलेले.

यंत्राच्या दोन जाती

पहिली जात जुनी. तिच्यात तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या तारांची मोठी गुंडाळी असते. काहींत तेलही असते. ही यंत्रे फार जड. पुष्कळशी ४१५ व्होल्टवर चालतात. कारखान्यात ती उत्तम. वर्षानुवर्षे टिकतात. पण शेतकऱ्याच्या घरी ती उपयोगाची नाहीत.

दुसरी जात नवी. तिला इन्व्हर्टर यंत्र म्हणतात. घरात दिव्यासाठी बॅटरीचा इन्व्हर्टर असतो, तो हा नव्हे. नाव सारखे, काम वेगळे. याच्या पोटात इलेक्ट्रॉनिक पट्टी असते. छोट्या यंत्राचे वजन साधारण ४ ते ८ किलो. पट्टा खांद्याला अडकवून माणूस बांधावर नेऊ शकतो. ते घरच्या २३० व्होल्टवर चालते. वीजही कमी खाते.

नव्या जातीला दोष नाही असे नाही. तिला धूळ आणि ओल चालत नाही. बिघडली तर गावचा वायरमन दुरुस्त करू शकत नाही. तरी शेतीच्या दुरुस्तीसाठी घ्यायचे तर हीच जात घ्यावी.

पाटी वाचायची कशी?

प्रत्येक यंत्राच्या मागे किंवा बाजूला एक पाटी असते. अक्षरे इंग्रजी असतात. पण घाबरू नका. आपल्याला पाचच गोष्टी पाहायच्या आहेत. अंक तर आपल्याला येतातच.

पहिली गोष्ट, व्होल्ट. २३० हा आकडा शोधा. शेजारी इंग्रजी 'व्ही' हे अक्षर असते. ४१५ किंवा ४०० असा आकडा असेल तर यंत्र ठेवून द्या.

दुसरी गोष्ट, फेज. एक हा आकडा आणि त्याच्यापुढे नागमोडी रेघ असेल तर ते सिंगल फेजचे. घरी चालेल. तीन हा आकडा आणि नागमोडी रेघ असेल तर ते थ्री फेजचे. घरी चालणार नाही.

तिसरी गोष्ट, यंत्र जोडीला किती अँपिअर देते. अँपिअरचे अक्षर इंग्रजी 'ए'. शेतीच्या कामाला खरोखरचे १६० अँपिअर देणारे यंत्र पुष्कळ झाले. ४०० अँपिअरचे यंत्र घेऊन फाटक जोडणे म्हणजे चिमणी मारायला तोफ आणणे.

चौथी गोष्ट, दम. माणूस नांगर धरून दम खातो, तसे यंत्रालाही थांबावे लागते. पाटीवर 'एक्स' हे अक्षर आणि टक्क्यांचा आकडा असतो. समजा, १६० अँपिअरला ६० टक्के असे लिहिले आहे. याचा अर्थ असा, की १६० अँपिअरवर दर दहा मिनिटांत सहा मिनिटे काम आणि चार मिनिटे विसावा. जितके अँपिअर कमी ठेवाल, तितके यंत्र जास्त वेळ चालेल. २० टक्के लिहिले असेल, तर दहा मिनिटांत दोनच मिनिटे काम.

पाचवी गोष्ट, यंत्र घरातून किती वीज ओढते. हा आकडाही अँपिअरमध्ये असतो. हाच आकडा खोटे उघडे पाडतो. कसे, ते पाहा.

यंत्रावर मोठ्या अक्षरांत २०० लिहिले आहे. २०० अँपिअरला आर्कचा दाब सुमारे २८ व्होल्ट असतो. २०० गुणिले २८, म्हणजे ५,६०० वॅट. आता ५,६०० ला २३० ने भागा. उत्तर २४ पेक्षा थोडे जास्त येते. यंत्र काही वीज स्वतः गिळते. म्हणजे २०० अँपिअर द्यायला त्याने घरातून जास्तीत जास्त ३० अँपिअर किंवा त्याहून अधिक ओढलेच पाहिजेत. आता पाटीवर जास्तीत जास्त १५ अँपिअर ओढते असे लिहिले असेल, तर काय समजायचे? एक शेर दुधातून दोन शेर दही निघत नाही. ते यंत्र २०० अँपिअर देणार नाही.

आपल्या घरची वीज

यंत्र घेण्याआधी विजेचे बिल काढून वाचा. त्यावर 'मंजूर भार' असे दोन शब्द असतात. पुढे किलोवॅटचा आकडा असतो.

बारीक रॉडने ८० अँपिअरवर काम करताना छोटे यंत्र घरातून साधारण १२ ते १६ अँपिअर ओढते. म्हणजे सुमारे तीन किलोवॅटचा भार. तुमचा मंजूर भार एक किलोवॅट असेल, तर महावितरणकडे अर्ज करून तो वाढवून घ्या. लोकांची कामे पैसे घेऊन करणार असाल, तर व्यवसायाची जोडणी घ्यावी लागते. तारेवर आकडा टाकून वेल्डिंग कधीही करू नका. तो गुन्हा तर आहेच, पण त्यात जीवही जातो.

मोबाईल लावायच्या लहान सॉकेटवर हे यंत्र चालत नाही. १६ अँपिअरचे मोठे सॉकेट, वेगळा एमसीबी आणि पक्के अर्थिंग हवे. गळती झाली की वीज आपोआप तोडणारे आरसीसीबी नावाचे उपकरणही बसवा. हे काम परवाना असलेल्या वायरमनकडूनच करून घ्या.

शेतापर्यंत वायर न्यायची असेल तर जाड तांब्याची वायर घ्या. जवळच्या कामाला अडीच चौरस मिलिमीटरची, लांबच्या कामाला चारची. वायर पूर्ण उलगडून टाका. गुंडाळी तशीच ठेवली तर ती आतून तापते आणि वितळते.

तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. पण वीज शेजारी तयार होते, म्हणून आपल्या घरी ती पूर्ण दाबाने येतेच असे नाही. गावाच्या टोकाच्या घरात संध्याकाळी दिवे मंद होतात, हे आपण पाहतो. तेव्हा दुकानदाराला विचारा, "किती व्होल्टपर्यंत हे यंत्र चालते?" १७० किंवा १६० व्होल्टलाही जे चालते, ते आपल्या कामाचे. जनरेटरवर चालवायचे असेल, तर बारीक रॉडसाठीही जनरेटर निदान पाच केव्हीएचा हवा.

रॉड कोणता?

रॉडची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. आपल्याला दोनच जाडी पुरतात.

अडीच मिलिमीटरचा रॉड दोन ते चार मिलिमीटर जाडीच्या पट्टीला आणि अँगलला चालतो. त्याला ६० ते ९० अँपिअर लागतात. ३.१५ मिलिमीटरचा रॉड त्याहून जाड लोखंडाला. त्याला ९० ते १३० अँपिअर लागतात. चार मिलिमीटरचा रॉड मोठ्या कामाचा. तो वेल्डरकडे राहू द्या.

रॉडचे प्रकार पुष्कळ आहेत. नवशिक्याने 'ई ६०१३' मागावा. तो सहज पेटतो आणि साध्या लोखंडाला चांगला बसतो. 'ई ७०१८' जास्त मजबूत असतो, पण वापरण्यापूर्वी तो भट्टीत नीट तापवावा लागतो. आपल्या दमट हवेत आणि घरगुती कामात ते जमत नाही. खोक्यावर आयएसआय खूण आणि आय.एस. ८१४ हा आकडा आहे का, ते पाहा.

आपल्याकडे पावसाळ्यात मीठसुद्धा पाणी होते. रॉडचा लेप तशीच ओल ओढून घेतो. ओला रॉड तडतडतो, जोडीत भोके पडतात. म्हणून उघडलेले खोके घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. लागतील तेवढेच रॉड बाहेर काढा.

दुकानात गेल्यावर

घरचे मोडके लोखंड सोबत न्या. दुकानदाराला म्हणा, "हे जोडून दाखवा." अडीचचा एक रॉड पूर्ण जाळून पाहा. मग ३.१५ चा एक जाळून पाहा. यंत्र मध्येच बंद पडते का? पंखा फिरतो का? रॉड चिकटला तर सहज सुटतो का?

चिमटा आणि होल्डर हातात घेऊन पाहा. हलक्या यंत्राबरोबर पुष्कळदा वायर आखूड आणि बारीक येते. चिमटा सैल असतो. त्याने जोड नीट येत नाही आणि दोष यंत्राला लागतो.

एक प्रश्न विसरू नका. "बिघडले तर दुरुस्ती कुठे?" पालघर किंवा बोईसरमध्ये होत असेल तर बरे. मुंबईला पाठवावे लागत असेल, तर आवणीच्या वेळी पुन्हा तीच रड. पक्के बिल घ्या. हमीपत्रावर शिक्का आणि तारीख घ्या.

सगळे पैसे यंत्रात घालू नका. काळी काच असलेला मुखवटा, चामड्याचे हातमोजे, स्लॅग उडवायची हातोडी, तारेचा ब्रश आणि ग्राइंडर एवढे सामान लागतेच. काच १० किंवा ११ नंबरची घ्या. मुखवट्याला पैसे नसतील, तर यंत्र पुढच्या वर्षी घ्या.

काय जोडावे, काय जोडू नये?

फाटक, अँगलचा मांडव, ट्रॉलीचा पत्रा, चाकाचा आरा, मोटरीचा स्टँड, कुळवाची पट्टी. ही साध्या लोखंडाची कामे घरी करावीत.

जोडण्यापूर्वी गंज, माती, रंग आणि ग्रीस काढा. लोखंड चकचकीत दिसेपर्यंत घासा. सातपाटी, मुरबे, चिंचणी, केळवे अशा किनाऱ्यावरच्या गावांत खारा वारा लोखंड आतून खातो. वरून पत्रा धड दिसतो, पण हातोडी मारली की पापुद्रे निघतात. अशा पत्र्यावर रॉड टेकवला की भोकच पडते. कुजलेला भाग कापून नवा तुकडा लावा. कुजक्या कापडाला ठिगळ टिकत नाही, तसेच हे.

बिडाची वस्तू घरी जोडू नका. पंपाची बॉडी बहुधा बिडाची असते. साध्या रॉडने ती जोडली तर थंड होताना टणकन तडकते. तिला वेगळा रॉड आणि जाणता हात लागतो.

ट्रॅक्टरचे स्टिअरिंग, ब्रेक, ॲक्सल, ट्रॉलीचा हूक आणि स्प्रिंगचे पाटे यांना हात लावू नका. जोड वरून चांगली दिसेल. पण मनोरच्या घाटात ती सुटली, तर ट्रॉलीत बसलेल्या माणसांचे काय होईल? असे काम जाणत्या वेल्डरकडे न्या किंवा नवा भाग घाला.

ट्रॅक्टरवर कुठलेही वेल्डिंग करताना आधी बॅटरीची वायर काढा. चिमटा जोडीच्या अगदी जवळ लावा. दूर लावला तर वीज बेअरिंगमधून जाते आणि बेअरिंग खराब होते.

आता सर्वांत महत्त्वाचे. बंद पिंप, डिझेलची टाकी, औषधाचे डबे यांना वेल्डिंग कधीही करू नका. आपल्या भागात रासायनिक कारखाने पुष्कळ. त्यांची रिकामी पिंपे भंगारात विकत मिळतात. लोक पाण्यासाठी घेतात. पिंप रिकामे दिसते, पण आत वाफ राहिलेली असते. ठिणगी पडली की ते बॉम्बसारखे फुटते. धुतले तरी भरवसा नाही. पिंप कापू नका, जोडू नका. अशा पिंपात पिण्याचे पाणीही भरू नका.

जीव सांभाळा

आर्ककडे उघड्या डोळ्यांनी क्षणभरही पाहू नका. उन्हाचा गॉगल चालत नाही. त्या वेळी काही वाटत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते. डोळे उघडत नाहीत. पाणी वाहते. काही लोक बटाट्याची फोड ठेवतात किंवा दूध घालतात. तसे करू नका. दवाखान्यात जा. काम सुरू करण्यापूर्वी मुलांना लांब पाठवा. लखलखाट पाहायला पोरे हमखास जमतात.

अंगभर सुती कपडे घाला. नायलॉनचे कापड वितळून कातडीला चिकटते. पायात बूट हवेत. चपला नकोत.

पावसात, ओल्या जमिनीवर, घामाने भिजलेल्या हातमोज्यांनी काम करू नका. कोरड्या फळीवर उभे राहा. रॉड बदलताना उघड्या हाताने धरू नका. कोणाला शॉक बसला तर त्याला हात लावू नका. आधी वीज बंद करा. मग १०८ ला फोन करा.

आपल्याकडे घराला कूड असतो. अंगणात पेंढ्याची उडवी असते. ठिणगी दूर उडते आणि आत धुमसत राहते. तास-दोन तासांनी आग लागते. म्हणून पेंढा दूर करा, पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा. काम संपल्यावर अर्धा तास तिथेच बसा. तासाभराने पुन्हा एक फेरी मारा. बादलीचे पाणी यंत्रावर मात्र टाकू नका.

जस्ताच्या पाइपावर वेल्डिंग केले तर पांढरा धूर निघतो. तो छातीत गेला की थंडी वाजून ताप येतो. जोडीजवळचे जस्त आधी घासून काढा. वारा पाठीमागून येईल असे उघड्यावर बसा.

पावसाळ्यात यंत्राची काळजी

यंत्र गोठ्यात किंवा पडवीत ठेवू नका. घरात, उंच फळीवर, कापड घालून ठेवा. पाल, मुंग्या आणि झुरळे आत शिरतात. कामापूर्वी पंख्याची जाळी पाहा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी कोरड्या जागी थोडा वेळ यंत्र चालू करा. पंख्याच्या वाऱ्याने आतली ओल जाते. ग्राइंडरचा भुगा आत जाऊ देऊ नका. यंत्र स्वतः उघडू नका. वीज काढल्यावरही आत शॉक राहतो.

आधी शिका

यंत्र आणले म्हणजे विद्या आली असे नाही. आय.टी.आय.मध्ये वेल्डरचा अभ्यासक्रम असतो. तेवढा वेळ नसेल, तर गावातला जो मुलगा वसाहतीत वेल्डर आहे, त्याला सुट्टीच्या दिवशी बोलवा. वयाने तो लहान असेल. पण त्या दिवशी तोच गुरू. पहिले दोन-तीन डझन रॉड भंगाराच्या पट्टीवर जाळा. मगच कामाच्या वस्तूला हात लावा.

जोड तपासायची एक सोपी रीत आहे. भंगाराचे दोन तुकडे जोडा. पकडीत धरून हातोडीने वाकवा. जोडीच्या बाजूचे लोखंड वाकले आणि जोड राहिली, तर जमले. जोडच उकलली, तर अजून शिकायचे आहे.

काकांचे पुढे काय झाले?

आमच्या वर्गाला दीड वर्ष झाले. काका अंक आणि अक्षरे शिकले. इंग्रजी अक्षरे हवी तेवढीच शिकले, व्ही, ए आणि एक्स.

एका दिवाळीनंतर चार घरांनी मिळून पैसे काढले. काका आणि त्यांचा पुतण्या दुकानात गेले. दुकानदाराने एक चकचकीत यंत्र पुढे केले. वर मोठा आकडा होता, २००. काकांनी चष्मा लावला. यंत्र उलटे केले. बोट ठेवून पाटी वाचू लागले. दुकानात गिऱ्हाईक खोळंबले, पण काकांनी घाई केली नाही. मग खिशातून कागद काढला आणि भागाकार केला.

"शेठ, हे पंधरा अँपिअर ओढते आणि दोनशे देते म्हणते. हे कसे?"

दुकानदार हसला. त्याने मागच्या फळीवरून दुसरे यंत्र काढले. १६० अँपिअरचे. पाटीवरचे आकडे जुळत होते. काकांनी ते घेतले.

पहिली जोड त्यांनी वाडीच्या फाटकाला केली. काकी ती पाहून म्हणाल्या, "गोधडीला मी याहून नीट टाके घालते." सगळे हसले. काका काही बोलले नाहीत. पुतण्याजवळ बसून आणखी दोन महिने शिकले.

पुढच्या आवणीत शेजाऱ्याच्या टिलरचे चाक मोडले. पाऊस उघडायची वाट पाहून, पडवीत कोरड्या फळीवर उभे राहून काकांनी ते जोडले. दुपारपर्यंत टिलर पुन्हा चिखलात उतरला.

ते जुने जड यंत्र काकांनी अजून ठेवले आहे. आम्ही विचारले, "विकत का नाही?" काका म्हणाले, "राहू द्या गुरुजी. फी भरलीय मी तिची."

वाचून झाल्यावर एकमेकांना विचारा

१. ४१५ व्होल्टचे यंत्र घरी का चालत नाही?
२. १६० अँपिअरला ६० टक्के, याचा अर्थ काय?
३. तुमच्या बिलावर मंजूर भार किती आहे? घरी जाऊन वाचा आणि उद्या वर्गात सांगा.
४. रिकाम्या पिंपाला वेल्डिंग का करू नये?
५. तुमच्या घरी गेल्या वर्षी वेल्डिंगवर किती खर्च झाला? वहीत लिहून बेरीज करा.